थंडींत डिझेल ट्रक सुरू न होण्याचीं कारणें व उपाय

निफाडकडे पौषांतील पहाटे पारा कित्येकदां ५-६ अंशांवर येतो. रात्रभर शेकोट्या पेटवून द्राक्षबाग राखावी आणि बाजाराची वेळ गांठावयाची असतां मालानें भरलेला ट्रक दारांतच अडून बसावा, हा अनुभव पुष्कळांस आला असेल. अशा वेळीं पुनःपुन्हां सेल्फ मारून बॅटरी रिकामी करणें हा सर्वांत वाईट उपाय होय.

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनांत ती नसते. दट्ट्या हवेस मूळ आकारमानाच्या १६ व्या ते २० व्या हिश्शांत दाबतो व त्या दाबानें तापलेल्या हवेंत फवारलेलें डिझेल आपोआप पेटतें. गार लोखंड ही उष्णता शोषून घेतें. ऑइल घट्ट झाल्यानें इंजिन सावकाश फिरतें व दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते. बॅटरीचें बळही थंडींत घटतें. म्हणजे अधिक जोर हवा तेव्हांच ती कमी जोर देते.

म्हणून प्रथम सायलेन्सरकडे पाहावें. सेल्फ मारीत असतां पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोंचत आहे पण पेटत नाहीं, असें समजावें. पिकअपसारख्या गाड्यांत ग्लो-प्लग असतात. त्यांचा दिवा विझेपर्यंत थांबावें, नंतरच सेल्फ मारावा. तोही १०-१५ सेकंदांहून अधिक नको. मध्यें मिनिट-दोन मिनिटें बॅटरीस विसांवा द्यावा. धूर मुळींच नसेल, तर डिझेलच पोंचत नाहीं. फिल्टरांतील पाणी काढावें व हातपंपानें एअर काढावी. नव्या कॉमन-रेल गाड्यांत मात्र इंजिन मंद फिरल्यास पुरेसा दाब चढत नाहीं व डिझेल फवारलेंच जात नाहीं. तेथें बॅटरी व तिचीं टर्मिनलें आधीं तपासावीं.

डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबणें हें आपल्याकडे क्वचित घडतें, परंतु उत्तरेकडे माल नेणारांनीं तें जाणून असावें. भारतीय प्रमाणाप्रमाणें हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरांतून वाहिलें पाहिजे, उन्हाळीस मात्र १८ अंशांचीच मर्यादा आहे. लडाखकरितां तर २०१९ सालीं उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारें निराळें डिझेल काढावें लागलें. यास्तव पंजाब-काश्मीरकडे जाणारानें येथील डिझेलवर सर्व प्रवास न करितां वाटेंत तिकडील डिझेल भरावें. उन्हाळ्यांत पिंपांत साठविलेलें डिझेल थंडीकरितां राखून ठेवूं नये.

कांहीं ड्रायव्हर टाकीखालीं विस्तव ठेवितात. बागेंतल्या शेकोटीचे निखारे आयते हाताशीं असल्यानें हा मोह होतो खरा. पण त्यांत गाडी, माल व माणूस तिन्ही जळण्याचें भय आहे. गरम पाण्यांत भिजविलेलें फडकें फिल्टरावर गुंडाळल्यास तेंच काम निर्धोकपणें होतें. ग्लो-प्लग असलेल्या इंजिनांत ईथरचा फवारा मारणेंही तितकेंच घातक. तो तापलेल्या प्लगावर अवेळीं पेटून दट्ट्या फोडूं शकतो. रॉकेल मिसळल्यानें पंपाचें वंगण कमी होऊन तो झिजतो, आणि पंपाची दुरुस्ती स्वस्त नसते.

गाडी संध्याकाळीं उभी करितांना टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेंतील दमट हवेचें रात्रीं पाणी होतें, आणि सकाळीं फिल्टरांत सांपडतें तें पुष्कळदां हेंच पाणी होय.