पुंगळी पुन्हा भरताना

अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज पिस्तुलाची काडतुसे घरीच भरतात. बार उडाला की दारू जळते, गोळी निघून जाते, पण पितळी पुंगळी शाबूत उरते. ती साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, तळाशी दारू पेटवणारा नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू घालायची आणि तोंडाशी गोळी दाबायची. खर्च वाचतो, पण खरा लाभ म्हणजे आपल्याच पिस्तुलाला मानवणारा दारू-गोळीचा मेळ शोधता येतो.

धोका दारूच्या मापात आहे. पिस्तुलाची दारू पुंगळीत बहुधा थोडीच जागा घेते. त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी मावते, आणि मग पिस्तूल हातातच फुटू शकते. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड धरून डोकावलेच पाहिजे. इथे घाईला क्षमा नाही.

अशा मेळाची अचूकता बहुधा 25 यार्डांवर, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून तपासतात. पाच गोळ्या झाडायच्या आणि सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधले अंतर मोजायचे. एकाच पंचकावर विसंबू नये. भोके योगायोगानेही जवळ पडतात.

भारतात मात्र परवान्याविना काडतुसे बनवणे शस्त्र अधिनियम, 1959 नुसार गुन्हा आहे.