दागिन्यांतले राखणदार

कॉटन ग्रीन, काळाचौकी, लालबाग आणि परळ हा मुंबईचा पट्टा कापसाच्या व्यवहारावर आणि गिरण्यांच्या भोंग्यावर वाढला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीच्या भराव घातलेल्या जमिनीवर आला आणि त्या बाजाराचे नाव पुढे रेल्वे स्थानकालाही मिळाले. घाटावरून आणि कोकणातून या वस्तीत आलेल्या कुटुंबांनी जसे घरचे देव आणले, तसेच अंगावरचे दागिनेही आणले. त्यांत कोल्हापुरी साज होता, पायांत मासोळ्या होत्या, क्वचित एखादी नागाची वाकी होती. हे दागिने सहसा वजनाने मोजले जातात, पण त्यांवर कोरलेले मासे, कासव, नाग आणि मोर यांचा अर्थ तराजूत सापडत नाही. जुन्या कारागिराने प्राण्याला शोभेसाठी घडवले तसे राखणीसाठीही बसवले, आणि त्याच्या डोळ्यात किंवा अंगात कोणता खडा जडवायचा हेही बहुधा त्याच विचाराने ठरले.

कोल्हापुरी साज हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठसा उमटवून, आत लाख भरून केलेली लहान लहान पाने मण्यांच्या मध्ये ओवून हा हार तयार होतो. परंपरेने त्यात 21 पाने सांगितली जातात: 10 दशावतारांची, 8 अष्टमंगलांची म्हणजे शुभ मानलेल्या आठ वस्तूंची, 2 माणिक व पाचू यांची आणि 1 ताईताचे. प्रत्यक्ष हारांत ही संख्या ऐपतीनुसार कमी होते आणि पानांची निवडही बदलते, तरी मासा, कासव, नाग, भुंगा आणि वाघनख ही पाने पुन्हा पुन्हा भेटतात. कासव म्हणजे समुद्रमंथनात मंदार पर्वत पाठीवर पेलणारा कूर्म. महाराष्ट्रातील असंख्य देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्यामुळे साजातले सोन्याचे कासव ओळखायला कोणाला पोथी उघडावी लागत नसे. मंगळसूत्राखालोखाल सौभाग्याचा मानला गेलेला हा हार गळ्यात आला की देवळाचा उंबरठाच जणू अंगावर येई.

मासा मात्र गळ्यापेक्षा पायाच्या बोटांत अधिक रमला. मासोळी म्हणजे माशाच्या आकाराचे, जोडव्यांसोबत घालायचे चांदीचे वेढणे. सोने हे लक्ष्मीचे रूप असल्याने ते कमरेखाली घालू नये, या समजुतीमुळे येथे चांदी आली. मासा भरपूर प्रजेचे चिन्ह मानला जातो, आणि त्याला पापणी नसल्यामुळे त्याचा डोळा कधी मिटत नाही, म्हणून तो अखंड जागेपणाचेही चिन्ह ठरतो. नवविवाहितेच्या पावलाशी हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

नागाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. वाकी म्हणजे दंडावर घट्ट बसणारा दागिना. नागवाकीत सापाचे वेटोळे दंडाला वळसा घालते आणि फणा बाहेरच्या बाजूला उभा राहतो. पुरलेल्या धनावर नाग बसलेला असतो, ही समजूत मराठी मुलखात घरोघरी माहीत असल्याने सोन्याभोवती नाग घडवणे कारागिराला स्वाभाविक वाटले असणार. त्याच्या डोळ्यांत बहुधा माणकाची चुनी, म्हणजे अगदी बारीक माणिक, बसवलेली असते. मगरमुखी कड्यातही हीच राखणीची योजना दिसते. मकर हा मगर, मासा आणि हत्ती यांच्या अवयवांतून कल्पिलेला जलचर, वरुणाचे व गंगेचे वाहन. कड्याची दोन टोके जेथे उघडी राहतात, नेमके तेथे त्याची दोन मुखे समोरासमोर येतात. वर्तुळ जिथे तुटते तिथे पहारा बसतो, ही गोष्ट जुनी कडी हातात घेऊन पाहणाऱ्याने अवश्य ताडून पाहावी. विठ्ठलाच्या कानांतील मकरकुंडले संतांच्या वर्णनांतून सर्वांना ठाऊक आहेत, आणि कान हेही देहाचे एक उघडे दारच आहे.

मोर आणि पोपट यांच्या बाबतीत खड्याचा रंग बोलू लागतो. पोपट हे कामदेवाचे वाहन, म्हणून वधूच्या दागिन्यांत त्याचे अंग पाचूचे आणि चोच माणकाची केली जाई. मोर सरस्वती आणि कार्तिकेय यांच्याशी जोडलेला आहेच, शिवाय तो सापाचा वैरी आहे, आणि येथे पाचूचे एक जुने नाव उपयोगी पडते. संस्कृतात पाचूला गारुत्मत, म्हणजे गरुडाचा, असे म्हणतात. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत कथा अशी की, बल नावाच्या असुराच्या देहापासून रत्ने झाली. त्याचे पित्त घेऊन जाणाऱ्या वासुकीला गरुडाने गाठले, तेव्हा वासुकीने ते टाकून दिले आणि ते पडले तेथे पाचू निर्माण झाला. त्यामुळे पाचू विषावर उतारा मानला गेला, आणि मोराच्या अंगी तो जडवला की पक्षी व खडा एकाच शत्रूविरुद्ध उभे राहतात. युरोपात साप आणि पाचू यांचा अर्थ वेगळा लागला: प्रिन्स अल्बर्टने राणी व्हिक्टोरियाला दिलेली वाङ्‌निश्चयाची अंगठी सर्पाकृती होती आणि तिच्यात पाचू होता, पण तेथे साप अनंत प्रेमाचे चिन्ह होता आणि पाचू हा राणीच्या जन्ममहिन्याचा खडा होता.

रत्नांचे प्राण्यांशी नाते रंगापुरते थांबत नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मोत्यांची उगमस्थाने सांगताना शिंपल्याबरोबर हत्ती, साप, रानडुक्कर आणि मासा यांचीही नावे येतात. त्यातील शिंपल्याचा उगमच खरा, पण गजमोत्याची कल्पना वाङ्मयात टिकून राहिली. पोवळे तर खरोखरच समुद्रातील सूक्ष्म जीवांचा सांगाडा आहे. वाघनखाने मात्र चिन्हाची जागा प्रत्यक्ष प्राण्यालाच द्यायला लावली. दृष्ट लागू नये म्हणून लहान मुलांच्या गळ्यात ते सोन्याचांदीत मढवून बांधत, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रज कुटुंबांनीही त्याचे दागिने हौसेने घडवून घेतले. आज वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार वाघाच्या नखांचा व्यापार गुन्हा आहे, आणि घरात जुने नख असले तरी मालकीच्या प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहतो.

जुना जडावाचा दागिना ओळखताना त्याची मागची बाजू पाहावी. खडा बसवण्याच्या खळगीला कोंदण म्हणतात. जुन्या कामात ते मागून बंद असते आणि खड्याखाली चमकदार वर्ख घातलेला असतो, कारण पैलू न पाडलेल्या खड्याला प्रकाश त्या वर्खावरून परत मिळतो. असा दागिना पाण्याने धुतला तर ओल आत शिरते, वर्ख काळवंडतो आणि मोराचा पाचू कायमचा विझतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 च्या पुरावशेष कायद्याचे नियमही लागू होतात आणि त्या परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने मराठी दागिने जवळून पाहता येतात.

तरीही बहुतेक साज आणि वाक्या संग्रहालयापर्यंत पोहोचल्याच नाहीत. जानेवारी 1963 च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी 14 कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आणली, त्यामुळे शुद्ध सोन्यावर पोसलेल्या कारागिरीचा आधार खचला. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांची मिळकत थांबली आणि लालबाग-परळच्या या गिरणगावातील कितीतरी घरांतले सोने गहाण पडले किंवा मोडीत गेले. मोड घेताना फक्त सोन्याचे वजन धरायचे असल्याने सराफ आधी आतली लाख काढतो आणि मग खडे उचकटतो. नागाच्या डोळ्यांतल्या चुन्या इतक्या बारीक असतात की त्यांची किंमत कोणी धरत नाही. त्या कागदाच्या पुडीत बांधून मालकिणीला परत दिल्या जातात.