कंपाचा ताल कोणाचा?

रुग्णाच्या मेंदूतील विद्युत्स्पंदने टिपून त्यांच्या मानाने आपला प्रवाह आपणच कमी-अधिक करणाऱ्या उपकरणास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपवातासाठी परवानगी दिली, तेव्हापासून हाताची थरथर आता थांबलीच अशी समजूत अनेक घरांत रुजली आहे. या आशेला माझा विरोध नाही; परंतु हे उपकरण जो ताल ऐकते तो मुळी थरथरीचा नव्हे, हे रुग्णापासून दडवून ठेवणे मला अप्रशस्त वाटते.

कंपवाताचा कंप हा विशेषेकरून विश्रांतीचा कंप. मांडीवर स्वस्थ ठेवलेल्या हाताचा अंगठा तर्जनीवर सेकंदाला चार ते सहा वेळा घासत राहतो. पेला उचलण्यासाठी तोच हात पुढे झाला की थरथर क्षणभर ओसरते, शंभरातून सात-सात वजा करावयास सांगितले की बळावते आणि झोपेत बहुधा लोपते.

१९६०च्या दशकात पॅरिसमध्ये गिओ आणि आल्ब-फेसार या संशोधकांना मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमसमध्ये नेमक्या याच लयीत स्पंदणाऱ्या पेशी आढळल्या. मात्र हाताबरोबर स्पंदणारी पेशी हाताला हुकूम सोडते आहे, की थरथरणाऱ्या स्नायूंकडून आलेली वर्दी केवळ नोंदवून घेते आहे, याचा निवाडा नुसत्या नोंदीवरून होत नाही.

१९८७ साली ग्रनोबल येथे मेंदूचे शल्यचिकित्सक आलिम-लुई बेनाबिद कंप थांबविण्यासाठी थॅलॅमसचा तो भाग जाळून नष्ट करण्याच्या तयारीत असता, जागा अचूक आहे ना हे पाहण्यासाठी त्यांनी जाग्या रुग्णाच्या मेंदूत निरनिराळ्या गतीचा विद्युत्प्रवाह सोडून पाहिला. मंद गतीने कंप हटला नाही. गती सेकंदाला शंभर स्पंदांच्या आसपास पोहोचताच हात स्थिर झाला, आणि प्रवाह बंद करताच पुन्हा थरथरू लागला. जे जाळून कायमचे गमवावे लागत होते ते विजेने हवे तेव्हा थोपवता येईल, हे त्या क्षणी ओळखून विद्युदग्र मेंदूतच ठेवून देण्याचा मार्ग त्यांनी काढला. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या सावध दृष्टीची उदाहरणे मला फार थोडी दिसतात.

तरीही कंपाचे मूळ थॅलॅमसमध्येच आहे असे यावरून ठरत नाही. हालचालींतील मंदपणा मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या ऱ्हासाबरोबर बऱ्याच अंशी वाढत जातो. कंप तसा हिशेब पाळत नाही, आणि कित्येक रुग्णांत तर तो जवळजवळ नसतोच. नेदरलँड्समधील रिक हेल्मिक आणि त्यांचे सहकारी म्हणतात की कंप हा दिवा मानला, तर मेंदूच्या आतल्या भागातील बेसल गँग्लिया हे तो लावणारे बटण असून, त्याचे तेज कमी-अधिक करण्याचे काम लहान मेंदू, थॅलॅमस आणि मेंदूचे बाह्यक यांच्या साखळीकडे आहे. उपलब्ध पुराव्यात हीच मांडणी मला सर्वांत सयुक्तिक वाटते.

आता नव्या उपकरणाकडे वळू. त्याचा मुख्य आधार म्हणजे सेकंदाला सुमारे १३ ते ३० आवर्तनांचा बीटा ताल. ताठरपणा आणि मंदपणा यांच्याशी या तालाचे नाते चांगले जुळते. कंप सुरू झाला असता मात्र तो पुष्कळदा उतरतो, म्हणजे हात थरथरत असतानाच प्रवाह कमी करण्याची सूचना उपकरणास मिळण्याचा संभव राहतो. ज्याचे मुख्य दुखणे मंदपणा आहे त्याला या शोधाचा लाभ व्हावा, आणि ज्याला कंपानेच जेरीस आणले आहे त्याच्यापुढे ही मर्यादा संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी, त्याच्या भाषेत, मांडली जावी, एवढाच माझा आग्रह आहे. कंपाचा माग कंपावरूनच काढण्याचा प्रयत्नही झालेला आहे : स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१६ साली मनगटावरील घड्याळाने थरथर मोजून त्याबरहुकूम प्रवाह बदलून दाखविला.