डायनासोर कशामुळे संपले? सह्याद्रीतल्या लाल मातीची साक्ष आणि शिशाच्या मोजक्या अणूंचा हिशोब

पनवेल सोडून घाटाकडे निघालात की काळा कातळ दिसायला लागतो. दख्खनच्या ज्वालामुखींमधून एकावर एक सांडलेल्या लाव्हाचे हे थर. सह्याद्रीत या थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीची पट्टी दिसते. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो वेळ गेला, त्यात तयार झालेली ही माती.

काही ठिकाणी या मातीत झिरकॉनचे बारीक स्फटिक सापडतात. ते ज्वालामुखीच्या राखेसोबत आलेले असावेत, असं मानलं जातं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोएन यांच्या टीमने २०१५ आणि २०१९ मध्ये त्यांच्यावरूनच दख्खनच्या लाव्हाचं वय काढलं. ते आलं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं. त्याच सुमारास मेक्सिकोत लघुग्रह आदळला आणि डायनासोर संपले. मग दोषी कोण, लाव्हा की लघुग्रह? इथे काही हजार वर्षांचा फरकही महत्त्वाचा ठरतो.

वय काढतात कसं?

झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. पुढे युरेनियमचं हळूहळू शिसं होतं. जितकं शिसं जास्त, तितकं वय जास्त.

अडचण अशी की ६.६ कोटी वर्षं या घड्याळासाठी फारच कमी आहेत. एवढ्या काळात युरेनियम-२३८ पैकी जेमतेम १ टक्का शिसं-२०६ बनतं. शिसं-२०७ तर त्याहून दुर्मिळ, २०६ चे १०० अणू असतील तर हे साधारण ५. म्हणून तरुण झिरकॉनसाठी मुख्य भरवसा २०६ वर ठेवतात. आणि ०.१ टक्का चूक म्हणजे थेट ६६ हजार वर्षं!

चूक कुठे होते?

हवेतलं, भांड्यातलं बाहेरचं शिसंही नमुन्यात मिसळतं. ते ओळखायला शिसं-२०४ मोजतात, कारण ते युरेनियमपासून तयार होत नाही. साध्या शिशात २०४ च्या एका अणूमागे २०६ चे साधारण १८ असतात. म्हणजे २०४ मोजताना एका अणूची चूक १८ पट होऊन बसते.

आता समजा, मशीनचा स्वतःचा गोंगाट सरासरी ५ आहे आणि मोजणी आली ४. वजाबाकी -१. अणू उणे कसे असतील, म्हणून तिथे शून्य लिहावंसं वाटतं. पण उणे आकडे पुसले आणि अधिक ठेवले, तर २०४ ची सरासरी फुगते, गरजेपेक्षा जास्त शिसं वजा होतं आणि दगड आहे त्यापेक्षा तरुण दिसतो. म्हणून उणे आकडाही ठेवायचा.

गुणोत्तराचंही तसंच. १० भागिले १ आणि १० भागिले ४ यांची सरासरी ६.२५ येते. आधी बेरीज केली तर २० भागिले ५, म्हणजे ४. मोजणी कमी असेल तर आधी बेरीज, मग भागाकार.

मग निकाल काय?

२०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन पेपर आले. शोएन यांच्या टीमला लाव्हाचे चार मोठे उमाळे दिसले, त्यातला एक लघुग्रहाच्या कित्येक दहा हजार वर्षं आधी सुरू झालेला. आर्गॉन पद्धत वापरणाऱ्या दुसऱ्या टीमच्या मते बहुतेक लाव्हा लघुग्रहानंतर आला.

म्हणून पुढच्या वेळी दगडाच्या वयाची बातमी वाचलीत, तर मोठ्या आकड्यासोबत त्यापुढचा '±' सुद्धा बघा. खरा वाद तिथेच असतो.