सोरायसिस: जागा बदलली की उपचारही बदलतो

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या डोक्यातून पांढरे पापुद्रे गळतात. आपण कोंडा समजतो, शेजारची मुले सरकून बसतात. तो सोरायसिस असू शकतो, आणि सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. (हे वर्गात स्पष्ट सांगायलाच हवे.)

त्वचेची नवी पेशी तळातून पृष्ठभागावर यायला एरवी सुमारे महिना लागतो. या विकारात प्रतिकारयंत्रणा चेतवल्यामुळे ती आठवड्याच्या आतच वर येते. कोपरावर मलम सहज लावता येते. डोक्यावर केस आडवे येतात, म्हणून तिथे पातळ द्रावण वापरतात. काखेत, जांघेत अडचण उलटी: त्वचा नाजूक, औषध जास्त शोषले जाते. तळपायाला चालणारे तीव्र स्टिरॉइड तिथे त्वचा आणखी पातळ करते. शिवाय ओलाव्यामुळे पापुद्रे फारसे दिसत नाहीत आणि गजकर्ण समजून भलतेच मलम लावले जाते.

सर्वांत चिवट नख. ते तयार होते मुळाशी, कातडीखाली. वरून लावलेले औषध तिथवर फारसे पोचत नाही. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे औषध लागू पडले तरी पूर्ण नवे नख यायला ६ महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात टोकाचे खड्डे पाहून औषध सोडायचे नसते. मुळाकडचा भाग गुळगुळीत होतो आहे का, ते पाहायचे.