अंग पेटवणारं ऊन

हिंगणीच्या एका शेतकऱ्याबद्दल मी तपासणी अहवालात लिहिलं होतं : ‘कर्जदार प्रकृतीची सबब सांगतो.’ साल 1996. मी सेलू तालुक्यात शेतीकर्ज पाहणारा बँकेचा अधिकारी होतो. बोर धरणाच्या वाटेवर त्याचं कपाशीचं शेत होतं आणि तो भरदुपारी घरात अंधार करून बसलेला. “उन्हात गेलो का आंग पेटते जी साहेब,” तो म्हणाला. मान, पापण्या, कोपरांच्या घड्या काळवंडून चामड्यासारख्या जाड झालेल्या. मला वाटलं, घामोळं असेल. घामोळ्यासाठी कुणी हप्ता थकवतं?

घामोळं घाम कोंडतो तिथे, कपड्याखाली उठतं. उन्हाचं पुरळ उघड्या अंगावर येतं, तेही बरेचदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. हनुवटीखाली, कानामागे सावली असते, म्हणून तेवढा भाग सहसा वाचतो. त्या गृहस्थाच्या पापण्या आणि घड्याही वाचल्या नव्हत्या, कारण त्याचा वैरी वाऱ्यावर येत होता. बांधावरचं गाजरगवत! 1950च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. आयात गव्हातून ते आलं, असं मानतात. वाळलं की त्याचे बारीक कण उडतात आणि त्यातलं पार्थेनिन काहींच्या कातडीला सोसत नाही. हे वर्षानुवर्षं चाललं तर काहींची कातडी उन्हालाही बिथरते.

मला हे उमगलं ते तीन वर्षांनी, स्वतःवर बेतल्यावर. मोटारसायकलवरून हिंडताना हातांवर लाल चट्टे उठू लागले. मी आठवडाभर लिंबू चोळलं. हा मूर्खपणाच, कारण लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते, डाग राहतात. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी मलम देण्याआधी विचारलं, “गोळ्या कोणत्या चालू आहेत?” रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी नुकतीच सुरू झाली होती. अशा काही गोळ्यांनी, डॉक्सिसायक्लिननं, काही वेदनाशामकांनीही ऊन बाधतं. गोळी आपल्या मनानं मात्र बंद करायची नाही; डॉक्टरच बदलून देतात.

बाकी पथ्य साधं आहे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडत असेल, त्या वेळी ऊन टाळावं. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सदरा घालावा. वर्ध्यात जाड खादीला तोटा नाही. पातळ मलमल, त्यातून घामानं भिजलेली, फारसं अडवत नाही. डोक्याला दुपट्टा बांधला तरी नाक-गाल उघडे राहतात, म्हणून रुंद काठाची टोपी बरी. उन्हाचं मलम किमान 30 एसपीएफचं, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं सढळ हातानं लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा. आपण बोटाच्या टोकावर चिमूटभर घेतो आणि मग मलमाला नावं ठेवतो. मोटारीच्या काचेआड बसलो म्हणजे सुटलो, असंही नाही. अतिनील किरणांतले काही काचेतून आत येतात. गाजरगवत फुलण्याआधी, हात झाकून उपटावं. ज्याला ते बाधतं, त्यानं मात्र उपटू नये.

हे सगळं सावलीत बसणाऱ्याला जमतं. निंदणाऱ्या बाईनं दहा ते चार घरी कसं बसावं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

निवृत्तीनंतर हिंगणीला गेलो होतो. तो भेटला, पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात. पहाटे शेतात जातो, नऊच्या आत परततो. गवत त्याची सून काढते, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. त्यानं चहा पाजला. अहवालाचं मी बोललो नाही.