डोक्यावर नाचणारं गाव

काजूचा व्यापारी मुखवट्यांवर लिहायला का बसला, याचं उत्तर हंगामात आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये फेब्रुवारी-मार्चपासून काजूबी गळायला लागते आणि मे महिन्यापर्यंत खरेदीची धावपळ चालते. नेमक्या त्याच दिवसांत, सुगी आटपून पावसाची वाट बघायच्या बेताला, तिथल्या योरुबा गावांत गेलेडेचा मोसम असतो. आमच्या वेंगुर्ल्याकडच्या कारखान्यांना कोकणातली बी पुरत नाही, बाहेरून आणावीच लागते. ती आणायला मी वर्षानुवर्षं तिकडे जात राहिलो. दिवसभर गोण्या, नमुने, भावाची घासाघीस. रात्री गावात ढोल वाजायला लागले की दलालाच्या मोटरसायकलवर मागे बसून निघायचं.

गेलेडे म्हणजे लाकडी मुखवटे डोक्यावर घेऊन केलेला नाच, आणि त्याच्या आदल्या रात्रीची गाणी. नायजेरिया आणि बेनिनच्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना आणि टोगोतही तो होतो. केतू हे जुनं राज्य त्याचं माहेर मानतात. शेजारच्या दाहोमेच्या राजानं १८८६ साली केतू लुटून जाळलं, पण गेलेडे त्यातूनही टिकला. युनेस्कोनं २००१ साली त्याला मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केलं आणि २००८ साली आपल्या यादीत घातलं. गावातल्या म्हाताऱ्यांना या यादीचं फारसं अप्रूप दिसलं नाही. यंदा ढोलवाले किती पैसे मागतायत, याची चिंता मोठी होती.

मुखवटा म्हटला की तो तोंडावर बांधायचा, ही आपली समजूत. गेलेडेचा मुखवटा डोक्यावर बसतो, कपाळाकडे किंचित कललेला. नाचणाऱ्याचं तोंड त्याखाली पातळ कापडाआड असतं, आणि त्या कापडातूनच तो बघतो. लाकडाला दोन मजले. खालचा मजला म्हणजे बाईचा चेहरा: शांत, मोठ्या डोळ्यांचा, बऱ्याचदा गालांवर कुळाच्या खुणेच्या रेघा असलेला. हा चेहरा गावोगाव साधारण सारखाच. वरच्या मजल्यावर मात्र कोरणाऱ्याला मोकळं रान. तिथे साप पक्ष्याला धरतो, कासव चालतं, डोक्यावर पाटी घेतलेली बाई बाजाराला निघते. तिथेच फेटेवाला मुसलमान, टोपीवाला गोरा अधिकारी, शिलाई मशीन, विमान. बेनिनमध्ये मोटरसायकलच्या टॅक्सीला झेमिजां म्हणतात. एका मुखवट्यावर मी अशी झेमिजां बघितली, चालकामागे दोन बायका आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली बकरी. काही मुखवट्यांत वरची चित्रं हलतात. नाचणारा कापडाआडून दोरी ओढतो आणि माणूस मुसळ उचलून उखळात मारतो.

हे सगळं कुणासाठी? तिथे विचारलं की उत्तर ठरलेलं: आमच्या आयांसाठी. या आया म्हणजे गावातल्या वयस्क बायका, गेलेल्या पूर्वजा, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेली आदिमाता, इया-न्ला. योरुबा समजुतीप्रमाणे जगात जे काही घडतं ते ‘आशे’ नावाच्या शक्तीनं, आणि वय झालेल्या बाईपाशी ती शक्ती साठून असते. त्याच शक्तीनं मूल जन्माला येतं, शेत पिकतं. अशी बाई रागावली की कूस उजवत नाही, पाऊस ओढ देतो, साथ येते. अशा बायका रात्री पक्षी होऊन फिरतात, असंही म्हणतात; मुखवट्यावरचे पक्षी तिथून आलेत. म्हाताऱ्या बाईची भीती जगात सगळीकडे आहे, आणि अशा बाईला आपल्याकडे काय म्हणतात नि तिचं काय करतात, ते मी वेगळं सांगायला नको. केतूच्या लोकांनी त्या भीतीवर काढलेला उपाय असा की तिला पुढे बसवायचं, तिची स्तुती करायची, आणि ती हसेल, खूश होईल असा तमाशा तिच्यासमोर उभा करायचा. तिकडे म्हाताऱ्यांना कुणी छळतच नाही, असा माझा दावा नाही. पण गावानं वर्गणी काढून वर्षातला मोठा खर्च त्यांना रिझवण्यावर करावा, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

यामागची एक कथाही सांगतात. येमोजा देवीला मूल होत नव्हतं. इफा म्हणजे तिथली कौल लावायची विद्या; तिच्या जाणकारानं येमोजाला सांगितलं की लाकडी मूर्ती डोक्यावर घे, पायांत लोखंडी वाळे घाल आणि नाच. तिनं ते केलं आणि तिला दोन मुलं झाली, मुलगा एफे आणि मुलगी गेलेडे. म्हणून रात्रीचा भाग एफेचा आणि दिवसाचा गेलेडेचा.

नाचतात पुरुष, पण देव्हारा आणि शेवटचा शब्द बाईकडे. तिला इयालाशे म्हणतात. नाचणारा बाईचा वेश करतो. दशावतार बघत वाढलेल्या माणसाला पुरुषानं लुगडं नेसण्याचं नवल नसतं, तरी फरक लगेच डोळ्यांत भरतो. आमच्याकडचा स्त्रीपार्टी हुबेहूब बाई दिसावा म्हणून जीव टाकतो. इथे छातीला लाकडाचे वाटोळे स्तन, कमरेला कापडाचे हे एवढे बोळे. खोटं लपवायचा प्रयत्नच नाही. अंगावरची कापडं मात्र खरी असतात. डोकीला बांधायचे रुमाल आणि कमरेची फडकी घरातल्या नि शेजारच्या बायकांकडून उसनी आणलेली. त्यामुळे गर्दीतल्या बाईला आपलं लग्नातलं फडकं मैदानात गिरक्या घेताना दिसतं, आणि ती शेजारणीला ढोसून ते दाखवते.

एफेची रात्र बाजाराच्या मैदानावर होते. बाजार हे तिथे बायकांचं राज्य. माझे निम्मे सौदेही बायकांशीच व्हायचे, आणि त्या मला एक फ्रँक सोडत नसत. मध्यरात्र उलटली की एफेचा मुखवटा येतो. आधी देवांना, आयांना, वडीलधाऱ्यांना वंदन, आणि मग एकेकाचा समाचार. कुणी भावाची जमीन बळकावली, कुठल्या पुढाऱ्यानं विहिरीचे पैसे खाल्ले, कोण बायकोला मारतो. आयांच्या छत्राखाली गाणाऱ्यावर त्या रात्री कुणी हात उगारायचा नाही, असा नियम आहे. केतूकडे आदिमातेचा मुखवटा यायच्या आधी सगळे दिवे मालवतात. मलाही मोबाइल खिशात टाकायला सांगितलं. अंधारात मागे लांब ओढत जाणारं पांढरं कापड तेवढं दिसलं. त्या मुखवट्याला दाढी असते, बाई असूनही. वय आणि अधिकार दाखवायचा तो त्यांचा मार्ग.

दुसऱ्या दिवशी दुपारचा नाच म्हणजे निव्वळ आनंद. आधी लहान पोरं येतात, आपल्या मापाचे मुखवटे सावरत, आणि मग वयाच्या चढत्या क्रमानं मोठे. मुखवटे जोडीजोडीनं निघतात, दोघांचा वेश एकसारखा. योरुबा भाषेत शब्दाचा अर्थ सुरांच्या चढउतारावर ठरतो, म्हणून ढोल बोलू शकतो. मोठा ढोल, ज्याला ते आई-ढोल म्हणतात, एखादी म्हण वाजवतो आणि नाचणाऱ्यांनी ती पायांनी म्हणायची असते. घोट्यांवर लोखंडी वाळ्यांच्या चळती असतात. म्हणीचं शेवटचं अक्षर पडलं की चारही पाय एका क्षणी थांबले पाहिजेत. एका जोडीतला पोरगा अर्ध्या मात्रेनं मागे राहिला. त्याचे वाळे ढोल थांबल्यावर एकदा एकटेच खणकले, आणि सगळी गर्दी दुखऱ्या दातावर बोट पडल्यागत कळवळली. ढोलवाल्यानं तीच म्हण पुन्हा वाजवली. या वेळी बरोबर. एक म्हातारी उठली आणि तिनं कापडाआडच्या त्याच्या कपाळाला नोट चिकटवली.

मुखवटे कोरतात ते झाड पाडल्यावर, लाकूड ओलं असतानाच. वाळलं की ते हत्याराला दाद देत नाही. मी ज्याच्याकडे बसायचो तो पाऊणशे वयाचा कोरक्या ओंडका पायांच्या तळव्यांत धरून वाकस चालवायचा. योरुबा कोरक्यांचे कामाचे चार टप्पे ठरलेले आहेत: आधी ढोबळ आकार, मग त्या आकारांतून नाक-कान-हात वेगळे काढणं, मग पृष्ठभाग गुळगुळीत करणं, आणि शेवटी सुरीनं बारीक रेघा. शेवटच्या दोन टप्प्यांत तो बोलायचा नाही. डोळ्यांच्या पापणीची कड तो चाकूच्या टोकानं एकाच ओढीत काढायचा, वरून हात फिरवायचा, आणि दुसऱ्या डोळ्याकडे न बघता तो कोरायला घ्यायचा. दोन्ही डोळे जुळायचे. वरचा मजला कधी त्याच ओंडक्यातून निघतो, कधी वेगळा कोरून खिळ्यांनी ठोकतात. रंग पूर्वी मातीचे, झाडपाल्याचे; नंतर कपड्यांना घालायची नीळ आली आणि ती मुखवट्यांवर चांगलीच रुजली. आता डब्यातला ऑइलपेंट. दरवर्षी नाचाआधी मुखवटा नव्यानं रंगवतात. जुन्या मुखवट्याचा टवका उडाला की आत थरावर थर दिसतात.

आणि इथेच परदेशी गिऱ्हाइकाचं बिनसतं. त्याला चकचकीत निळा-पिवळा मुखवटा नको असतो. मोटरसायकलवाला तर नकोच. त्याला हवं असतं काळपट, झिजलेलं, वाळवी लागलेलं, ‘खरं’. मग पश्चिम आफ्रिकेतल्या शहरांतले दलाल नवीन मुखवटे धुरात टांगतात, चिखलात पुरतात आणि जुने करून विकतात. गावात जो मुखवटा ताजा रंग लावून नाचतो तो नकली, आणि जो कधीच नाचला नाही तो अस्सल! पिकासोनं १९०७ साली पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले आणि युरोपची चित्रकला बदलली, ही गोष्ट कलेच्या सगळ्या पुस्तकांत असते. तिच्यात कोरणाऱ्याचं नाव नसतं. गावाला मात्र ते नाव ठाऊक असतं. नायजेरियातल्या मेको गावच्या दुगा या कोरक्यावर अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बॅस्कम यांनी लिहिलं आहे. १९५० च्या सुमारास ते त्याच्याकडे जाऊन बसत आणि त्याचं काम बघत. आजच्या बेनिनमधल्या कोव्हे गावचा किफूली दोसू आपल्या घराण्याचा गेलेडे कोरतो आणि त्याचे मुखवटे परदेशातल्या प्रदर्शनांतही जातात.

नवं ते बाटलेलं, हा हिशेब आफ्रिकेच्या इतर भागांतही चुकतो. सिएरा लिओनमध्ये मेंदे बायकांच्या सांदे मंडळाचा सोवेई नावाचा काळा शिरस्त्राण-मुखवटा असतो आणि तो बायका स्वतः घालतात. आफ्रिकेत ही दुर्मीळ गोष्ट. ब्रिटिश म्युझियममधल्या एका सोवेईच्या डोक्यावर युरोपियन साहेबाची उंच हॅट कोरलेली आहे. तो मुखवटा लंडनच्या प्रदर्शनात मांडला होता १८८६ साली. म्हणजे ज्याला आपण ‘जुन्या काळची शुद्ध परंपरा’ म्हणतो, त्या काळातच कोरणाऱ्यानं समोर दिसलेली हॅट उचलली होती. तीही चमकदार, तेल लावून घोटलेली. माझ्या मते वरच्या मजल्यावर काल गावात आलेली वस्तू असणं, हीच गेलेडेची परंपरा आहे. कासव आणि विमान तिथे एकाच हक्कानं बसतात.

हे मला नीट पटलं ते माझ्याच धंद्यावर आल्यावर. काजू खरेदी करताना गोणीतून नमुना काढायचा, बिया चाकूनं कापायच्या, कुजक्या नि पोचट वेगळ्या काढायच्या आणि ऐंशी किलोच्या गोणीत किती पौंड गर निघेल ते सांगायचं. भाव त्यावर ठरतो, आणि खरेदीदाराला तो आकडा नेहमी कमीच दिसतो. एका एफेच्या रात्री गर्दी अचानक माझ्याकडे वळून हसायला लागली. दलालानं अर्थ सांगायला आधी टाळाटाळ केली. मग कळलं ते इतकं: समुद्रापलीकडून एक माणूस येतो, त्याच्या चाकूला डोळे आहेत, पण ते फक्त कुजकी बी बघतात. दुसऱ्या दुपारी तो माणूस लाकडात हजर. गुलाबी रंगाची गोणी, शेजारी उकिडवा बसलेला, हातात चाकू, खिशात पेन. मिशी माझी होती. बायकांनी मला हाताला धरून पुढे नेलं आणि त्याच्या शेजारी उभं केलं. त्या हंगामात मी भाव थोडा वाढवून दिला, हे कारखान्यात सांगितलं नव्हतं.

बेनिन सरकारनं १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यात बंद केली. बी तिथेच फोडायची, गर बाहेर पाठवायचा. कोटोनूजवळ ग्लो-जिग्बेच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहिलेत. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच आहे. आता मी तिकडे जात नाही. दलालाचा फोन मात्र येतो. परवा त्याला विचारलं, तो गोणीवाला मुखवटा अजून निघतो का? निघतो, म्हणाला. माणूस तोच आहे, मिशीसकट. कोरक्यानं चाकू काढून त्याच्या हातात मोबाइल बसवला, गोणीला निळा रंग दिला, तिच्यावर फट कोरली आणि मतपेटी केली.